डाव्या बाजूचा चिखल

पोचेसाहेबांच्या घरात बहीण-भावाचं बोलणं बंद झालं होतं आणि त्याला कारण झाला होता इमारतीच्या फाटकाचा खांब.

साहेब विमा कंपनीत सर्व्हेअर होते. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, पोचा कुठे पडला, कशानं पडला, मालक सांगतो तसाच पडला की मालक थापा मारतोय, हे ठरवायचं, हा त्यांचा व्यवसाय. सगळी नोकरी पोचे बघण्यात गेल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं आणि खरं आडनाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. ते पोच्यावरून नुसता अंगठा फिरवायचे आणि गाडीच्या मालकाचा चेहरा उतरायचा. त्यांनी आयुष्यात एकही खोटा पोचा पास केला नव्हता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि घरच्यांना कंटाळा.

त्यांची थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. ताईनं लग्न केलं नाही, गाडी मात्र जन्मभर चालवली. एका सकाळी तिच्या गाडीचा पुढचा दिवा आणि फाटकाचा खांब यांची गाठ पडली. ताईचं म्हणणं असं, की जमिनीत पाणी मुरून खांबच आत सरकला आहे. साहेबांच्या कंपनीतला एक नवखा सर्व्हेअर पाहणीला आला होता, त्याला ती हे पटवून देत होती आणि तोही बिचारा पटवून घेत होता. एवढ्यात साहेब दूध घेऊन आले. हातातली पिशवी तशीच धरून ते खाली बसले, खांबावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खांब जागेवर आहे. गाडी आली आहे."

यात सवयीपलीकडे काही नव्हतं. पण ती सवय चार माणसांत बोलून गेली. ताईनं गाडीची किल्ली भावजयीच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही आणि भावाशी बोलली नाही. अगदीच बोलली नाही असंही नाही. बोलणं भावजयीच्या मार्गानं जायचं.

"अगं, त्याला सांग, पंखा कमी कर म्हणावं."

"अहो, वन्सं म्हणतात, पंखा कमी करा."

"ऐकलं मी," साहेब म्हणायचे.

"त्याला म्हणावं, ऐकलंस तर ऊठ."

हे जेवताना चालायचं. दोन्हीकडचे निरोप पोचवता पोचवता साहेबांच्या बायकोचं ताट गार व्हायचं. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "मी काही पोस्टमन नाही. तुम्ही वन्संची समजूत काढा."

"कशी काढू? खांब जागेवर होता."

"खांबाला राहू द्या हो जागेवर. तुम्ही हला!"

साहेबांनी यावर विचार केला. निष्कर्ष मागे न घेता बहिणीची समजूत काढायची, असा तो पेच होता. विमा व्यवसायात अशा पेचाला उत्तर नसतं. उत्तर मिळालं ताईच्या खोलीतल्या भिंतीवर.

तिथे एक काळा-पांढरा फोटो होता. ताईनं तरुणपणी एकदा, आणि एकदाच, मोटारींच्या शर्यतीत भाग घेतला होता. ती त्या वेळी एका मोटार कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. कारखान्याच्या चालकाला ऐन वेळी कावीळ झाली, मालकानं हवालदिल होऊन आजूबाजूला पाहिलं, आणि ताई टाइपरायटरवर झाकण घालून उभी राहिली. ती पहिली आली नाही, शेवटचीही आली नाही. पण भल्या भल्या गाड्या वाटेत राहिल्या आणि तिची पोचली. फोटोत टप नसलेली ती बुटकी, लांबोडकी गाडी चिखलानं माखलेली होती आणि तिला टेकून ताई उभी होती. त्या चित्रात स्वच्छ म्हणावेत असे फक्त तिचे दात होते.

तीच गाडी घरी करायची, छोटी प्रतिकृती पण चांगली हातभर लांबीची, आणि नवी कोरी नव्हे तर शर्यत संपली तेव्हा दिसत होती तशी, असं साहेबांनी ठरवलं. एका परदेशी दुकानात तिचं सुट्या भागांचं, घरी जोडायचं किट निघालं. त्यांनी ते मागवलं.

पार्सल पोस्टात अडकलं. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "आत काय आहे?"

"गाडी," साहेब म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

कारकुनानं ते टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "वाहनं इथे सुटत नाहीत. मागच्या खोलीत जा."

मागे एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. "इंजिन आहे?"

"आहे."

"चालतं?"

"नाही."

"मग भंगार म्हणा की. भंगाराला वेगळी परवानगी लागते."

"अहो, प्लॅस्टिकचं आहे! जोडायचं असतं घरी."

"म्हणजे खेळणं. मग आधी तसं बोलायचं." गृहस्थांनी समोर कागद सरकवला. त्यावर जिथे मुलाचं नाव लिहायचं होतं तिथे साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं. गृहस्थांनी ते वाचलं, चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं, डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता शिक्का मारला. बोलले असते तर बरं झालं असतं, असं साहेबांना घरी येईपर्यंत वाटत राहिलं. खोक्यातल्या रंगाच्या बाटल्या मात्र ज्वालाग्राही म्हणून पोस्टातच राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं, हे पोस्टाला माहीत.

जेवणाचं टेबल कामाला लागलं आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग कापायचे, कानशीनं घासायचे, चिमट्यात धरून चिकटवायचे. साहेबांना वाटलं होतं की गाड्या आपल्याला पाठ आहेत. पण त्यांची सगळी ओळख मोडलेल्या गाड्यांशी होती. न मोडलेलं इंजिन कसं दिसतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात पुढच्या चाकाची तिळाएवढी स्प्रिंग चिमट्यातून उडाली. ती शोधायला सगळं घर जमिनीवर आलं. ताई तेवढी खुर्चीत बसून राहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "ती जागेवर असेल. जमीन सरकली असेल."

साहेबांनी हे सोफ्याखालून ऐकलं. त्यांचे कान तापले आणि ते आणखी आत सरकले. स्प्रिंग त्यांच्याच स्वेटरला निघाली.

मग सल्लागार आले. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून येऊ लागले. त्यांनी आपली जुनी हत्यारं दिली, भिंग दिलं, आणि बॉनेटच्या दोन अर्ध्यांमधली फट पाहून चुकचुकले. "फट भरावी लागणार. आधी आला असतात तर एवढी वाढली नसती."

"कालच बॉनेट चिकटवलंय, डॉक्टर."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फट भरायला घेतली. भरता भरता ते साहेबांना म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

रंगाची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. किटच्या खोक्यावरची गाडी लाल होती, पण ताईची कोणती होती? काळ्या-पांढऱ्या फोटोत सगळं चिखलाच्याच रंगाचं. बहिणीला विचारायची सोय नव्हती. बायकोला पाठवलं.

"वन्सं, तुमची ती शर्यतीची गाडी, तिचा रंग कोणता हो?"

ताईनं पेपर खाली केला. "कशाला? त्याला आता तिचीही तपासणी करायची आहे का?"

"नाही हो. सहज."

टेबलावरच्या सांगाड्याकडे तिनं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. मग पेपर वर करून त्याच्या मागून ती म्हणाली, "हिरवी. गर्द. पण रंग दिसत होता कुणाला? चिखल होता नुसता."

त्या दिवसापासून ती पाणी प्यायला वरचेवर येऊ लागली. माठ टेबलापलीकडे होता. अर्धा पेला प्यायची, उरलेला हातात धरून जरा उभी राहायची आणि जायची. बोलायची नाही. साहेबही मान वर करायचे नाहीत. पण ती आली की ते एकच भाग पुन्हा पुन्हा घासायचे, आणि गेली की त्यांना वाटायचं, आता हा अबोला फार दिवस नाही. ही गाडी तिला पटली की बोलेल. नाही पटली तर मात्र दुसरी गाडी नाही, दुसरा फोटो नाही. इथून पुढे जन्मभर पंखा निरोपावर चालणार.

गर्द हिरवा रंग त्यांनी बाजारातून आणला आणि बाल्कनीत मारला. स्प्रेचा फवारा गाडीवर बसला, उरलेला वाऱ्यानं खाली नेला. खाली इमारतीच्या सचिवांच्या चादरी वाळत होत्या. पांढऱ्या होत्या. सचिव म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. ते चादर घेऊनच वर आले.

"हे काय आहे?"

साहेबांनी चादरीवरून अंगठा फिरवला. "माझंच आहे," ते म्हणाले. "दिशा जुळते."

"इमारतीत व्यावसायिक रंगकामाला बंदी आहे. मी सचिव म्हणून तुम्हाला नोटीस देणार."

"द्या," साहेब म्हणाले. नोटीस योग्यच होती.

त्या सरळपणानं सचिव जरा नरमले. त्यांची नजर गाडीवर गेली. हे कशासाठी चाललंय ते त्यांनी विचारलं, साहेबांनी थोडक्यात सांगितलं, चिखलाचा विषय निघाला आणि सचिव खुर्ची ओढून बसले. "चिखल कोणता पण?"

"चिखल म्हणजे चिखल."

"असं कसं? काळ्या मातीचा चिखल वेगळा, तांबड्या मातीचा वेगळा. एक चिकटतो, एक उडतो. वाळल्यावर एकाला भेगा पडतात, दुसऱ्याचं पीठ होतं. शर्यत कुठून कुठे झाली ते सांगा, मी तुम्हाला थर लावून देतो." मग आठवण होऊन ते म्हणाले, "सचिव म्हणून माझा याला विरोध आहे, हे लक्षात असू द्या." नोटीस दुसऱ्या दिवशी आली. तिच्यासोबत कागदाच्या पुड्यांत मातीचे चार नमुने आले, चाळून.

बाल्कनी बंद झाल्यामुळे काम न्हाणीघरात गेलं. गरम पाणी सोडून वाफ केली की हवेतली धूळ खाली बसते आणि वरचा चकचकीत थर स्वच्छ येतो, असं साहेबांनी वाचलं होतं. तो थर वाळेपर्यंत दार उघडायचं नाही, असंही वाचलं होतं. दाराबाहेर बायको टॉवेल घेऊन उभी असे. "अहो, त्या गाडीची आंघोळ झाली असेल तर माणसांना सोडा!"

गाडी आरशासारखी झाली. मग तिला घाण करायचं काम सुरू झालं, आणि इथे साहेबांची खरी कसोटी लागली. इतर कुणी असता तर त्यानं ब्रशनं चार शिंतोडे मारले असते. साहेबांना कारण नसलेला डाग लावताच येईना. पुढचं चाक चिखल फेकतं तो मागे आणि वर जातो, म्हणून दारापाशी त्याचा पंख्यासारखा फराटा उमटला पाहिजे. तेलाचा ओघळ वाऱ्यानं मागे वाकला पाहिजे. धुराच्या नळीचं तोंड काळं, पण नळी मध्ये तापून निळसर. चालकाचा पाय जिथे पडतो तिथला रंग झिजलेला. एकेक डाग ते कोर्टात टिकेल असा लावत होते. पातळ तपकिरी रंग सांधीकोपऱ्यांत सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा, सचिवांची माती ब्रशनं थापायची, वाळली की फुंकायची. डॉक्टर भिंगातून बघून म्हणाले, "किडलंय छान."

आणि सगळं होत आलं असताना, न्हाणीघरातून गाडी बाहेर आणताना, साहेबांचा पाय ओल्या पायपुसण्यावर सरकला. गाडी पडली नाही. त्यांनी ती छातीशी धरली. पण तिची डावी बाजू दाराच्या चौकटीवर घासली, पुढच्या चाकापासून पार मागच्या चाकापर्यंत. चिखल गेला, हिरवा गेला, खालचं करडं प्लॅस्टिक उघडं पडलं.

साहेब पायपुसण्यावरच बसले.

डॉक्टर आणि सचिव यांना बोलावणं गेलं. डॉक्टरांचं मत पडलं, की ती बाजू पूर्ण खरवडून पहिल्यापासून करावी लागेल. सचिवांनी प्रश्न केला, खरवडायचं कशाला? "शर्यतीची गाडी आहे. घासली असेल कुठे भिंतीला. ओरखडाही त्यातच खपवा."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. अशी सूचना त्यांना नोकरीत रोज कुणी ना कुणी करत आला होता, आणि रोज त्यांनी त्या माणसाला घरी पाठवलं होतं. पण ताईला रविवारी चहाला बसवून गाडी दाखवायचं बायकोनं ठरवून टाकलं होतं. ताईनं त्यासाठी चष्म्याची काच बदलून आणली होती, कुणाला न सांगता. साहेब गाडी घेऊन पुन्हा न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

त्यांनी जे केलं ते उत्तम केलं, हे नमूद केलं पाहिजे. ओरखड्यात पत्र्याचा रुपेरी रंग भरला. कडांना हिरवा सोलल्यासारखा केला. भिंतीचा चुना असावा तशी पांढुरकी रेघ ओढली, आणि ती पुढून मागे फिकट होत नेली, कारण वेगात असलेली गाडी तशीच घासते. खोटे पोचे करणाऱ्यांच्या सगळ्या चुका त्यांना पाठ होत्या, त्यातली एकही त्यांनी केली नाही. शेवटी त्यावरून अंगठा फिरवला. त्यांनी स्वतः तो पास केला असता. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं नाही.

रविवारी दुपारी चहा झाला. साहेबांनी गाडीवरचं फडकं काढलं. ताई उठली, चष्मा सारखा केला आणि हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती चालू लागली. साहेब नोकरीत जसे चालत, अगदी तशी. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ती उजव्या बाजूला वाकली. "त्याला सांग," ती भावजयीला म्हणाली, "मागच्या चाकाचा चिखल बरोबर आहे म्हणावं."

"अहो, चिखल..."

"ऐकलं मी," साहेब म्हणाले.

"तेल असंच गळत होतं म्हणावं. माझ्या बुटात यायचं." तिनं बसायच्या जागेत बोट घातलं, झिजलेल्या रंगावरून हळूच फिरवलं. तिचा चेहरा सैल झाला. फोटोतले दात किंचित दिसले. साहेबांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावायची तयारी केली.

मग ताई डाव्या बाजूला आली आणि थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

साहेबांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"ही भिंतीला घासली आहे," ताई म्हणाली. "मी भिंतीला घासली नव्हती. अख्ख्या शर्यतीत मी कशालाही लागले नव्हते. तेवढंच तर केलं मी! पहिली आले नाही, पण कशालाही लागले नाही." तिचा आवाज फाटला. ती भावजयीकडे वळली, पण भावजय स्वयंपाकघराच्या दारात गेली होती आणि तिथून हलत नव्हती. ताईला समोर भावाशिवाय कुणी उरलं नाही. "तू शर्यतीला होतास?"

"नाही."

"मग तुला कुणी सांगितलं मी धडकले?"

साहेबांनी चौकटीकडे पाहिलं, पायपुसण्याकडे पाहिलं. त्या ओरखड्याला शोभतील अशी शंभर कारणं त्यांना सुचली. सगळी पास होण्यासारखी होती.

"तू नाही धडकलीस," ते म्हणाले. "मी धडकवली. न्हाणीघराच्या दाराला. मग भिंत रंगवली."

"तू?"

"हो."

"खोटा पोचा?"

"हो."

"तू केलास?"

"विचारतेस काय सारखं? हो म्हटलं ना!" साहेब ओरडले. त्यांच्या तोंडावर घाम फुटला होता.

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ अचानक ठोके देताना बघावं. मग ती खुर्चीत बसली.

"गाढवा," ती म्हणाली. भावाला, थेट, मधे कुणालाही न घालता. "जा, ते खरवडायचं घेऊन ये."

साहेबांनी हत्यारं आणली. त्यांनी डावी बाजू घासायला घेतली आणि ताई बोलायला लागली. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. हात जड आहे. लहानपणापासून जड आहे. खालपर्यंत घास. तिथे नको, तिथे बरोबर होतं. दिवा पुढे घे, तुलाच दिसत नाही, आणि म्हणे मला खांब दिसला नाही! साहेबांनी एकदाही वर पाहिलं नाही. बायकोनं कितीतरी दिवसांनी गरम चहा प्यायला.

हिरवा लागला, वाळला. मातीची पुडी उघडली गेली.

"या बाजूला जास्त होता," ताई म्हणाली. "इकडे दार दिसत नव्हतं इतका होता."

"जास्त का?" साहेबांचा ब्रश थांबला. कारणाशिवाय त्यांना चालेना. "दोन्ही चाकं सारखाच फेकतात."

"अरे, ती पुढची निळी गाडी वाटच देईना! किती वेळ मागे खोकत बसणार? मग मी डावीकडची दोन्ही चाकं रस्त्याखाली घातली, शेतातून काढली आणि मधली वळणाची पाटी चुकवून त्याच्या पुढे रस्त्याला येऊन लागले." ताईचे डोळे चकाकत होते. "पंचांचं लक्ष नव्हतं."

साहेबांचं तोंड उघडलं. रस्ता सोडला, वळण गाळलं, नियमानं ही गाडी शर्यतीतून बाद व्हायला हवी होती. त्यांच्या जिभेवर पुरतं वाक्य तयार झालं. ताई त्यांच्याकडे बघत होती. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती.

साहेबांनी तोंड मिटलं. ब्रश पाण्यात बुडवला, मातीत बुडवला.

"किती लावू?" त्यांनी विचारलं.

"भरपूर," ताई म्हणाली.